दोष हाताचा की ‘उंदरा’चा?

मैत्रिणींनो, शिवणयंत्र टाके सोडायला लागले की आपण काय करतो? बॉबिन काढतो, आत अडकलेला दोऱ्याचा गुंता ओढून टाकतो, तेलाचे दोन थेंब सोडतो आणि पुढच्या शिवणीला लागतो. गॅसची ज्योत पिवळी दिसली की बर्नर उतरवून त्याची भोके पिनने मोकळी करतो. कुकरची शिट्टी, पाण्याच्या फिल्टरची कांडी, इस्त्रीची वायर, यातले काहीतरी दर महिन्याला आपल्या हाताखालून जातेच. यासाठी आपल्याला कुणी कारागीर म्हणत नाही आणि आपणही म्हणवून घेत नाही. पण वस्तू संगणकाची असली की मात्र हात आपोआप मागे जातात. “ते ह्यांनाच विचारायला हवं,” नाहीतर “मुलाला कळतं बाई त्यातलं!”

मीही तशीच होते. पण मागच्या पावसाळ्यात असे काही घडले की मला माझ्या माऊसचे पोट फाडावे लागले. त्याची ही हकीकत, आणि तुम्हालाही करता येईल अशी त्याची रीत.

कल्याणहून माळशेज घाटाकडे निघालात, की मुरबाड मागे टाकल्यावर रस्त्यावरच आमचे टोकावडे लागते. इथला पाऊस म्हणजे काय ते घाटाखाली राहणाऱ्यांनाच ठाऊक! मिठाला पाणी सुटते, काड्यापेटी पेट घेत नाही, कपाटातल्या साड्यांना कुबट वास येतो. मी इथल्या एका शाळेत तासिका तत्त्वावर मराठी आणि इतिहास शिकवते. संगणक बऱ्यापैकी हाताळता येतो, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे काम माझ्याकडे येते. शाळेतला माऊस रुसलेला, म्हणून घरचा बिनतारी माऊस पर्समध्ये टाकून न्यायची सवयच झाली होती.

तुम्ही असा अर्ज भरला असेल तर आठवेल, जन्मतारखेच्या चौकटीत गेले की छोटेसे कॅलेंडर उघडते. बाणावर एकदा दाबले की महिना एकाने पुढे सरकतो. माझा महिना कधीकधी दोनाने सरकू लागला. मी मागे आणायची, पुन्हा दाबायची. पन्नासेक अर्ज, वीज कधी जाईल याचा नेम नाही, घरी सासूबाईंची औषधाची वेळ. त्या घाईत एका मुलीची जन्मतारीख जूनऐवजी जुलैची गेली. आधार कार्डाशी जुळेना, अर्ज परत आला. ऐन लावणीत एका दिवसाची मजुरी बुडवून तिचे वडील वाडीवरून शाळेत आले. एक शब्दही वावगा बोलले नाहीत. “बाई, पैसं बुडणार तर नाय ना?” एवढेच विचारले. मुख्याध्यापक म्हणाले, “जरा लक्ष देऊन भरा हो बाई.”

त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मग मी स्वतःलाच दोष देऊ लागले. आपलाच हात थरथरत असेल. आपण कुठे संगणक शिकलेल्या, साध्या बी. ए.! ह्यांना सांगितले तर हे म्हणाले, “अगं, तू घाबरत घाबरत दाबतेस, म्हणून दोनदा लागतं.” चिरंजीव म्हणाले, “आई, हलक्या हातानं दाब ना.” मी हलक्या हाताने दाबून पाहिले, जोराने पाहिले, मधल्या बोटानेही पाहिले. पंधरा दिवस गेले. पुढच्या वर्षी हे काम, आणि कामाबरोबर तासिकाही, दुसऱ्या कुणाला देतील अशी धास्ती मनात बसली.

सोडवणूक केली ती आमच्या सासूबाईंनी. वय पंचाहत्तर, संगणकाला जन्मात हात लावलेला नाही. माझी चिडचिड ऐकून म्हणाल्या, “तुझा हात की तो उंदीर, ते आधी बघ की. आण इकडं, मी दाबते.” मी हसले, पण त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला. फोल्डरवर एकदा दाबले की तो नुसता निवडला जातो. उघडायला लागोपाठ दोनदा दाबावे लागते. सासूबाईंनी तर्जनी टेकवली, देवाला हळदीकुंकू लावावे तशी, एकदाच. फोल्डर टपकन उघडला! पुन्हा दाबले, नाही उघडला. तिसऱ्यांदा पुन्हा उघडला. “बघ,” त्या म्हणाल्या, “माझा हात काय नोकरी जाईल म्हणून कापतोय का?”

मैत्रिणींनो, मला त्या क्षणी रडू यायचेच बाकी होते. पंधरा दिवस मी एका प्लास्टिकच्या डबीचा दोष आपल्या अंगावर घेऊन हिंडत होते.

हे म्हणाले, “नवा घेऊन टाक.” चार-पाचशे रुपयांची गोष्ट, आणि मुरबाडच्या बाजारात मिळालाही असता. पण मला आता त्याच्या आत काय झाले आहे ते बघायचेच होते.

उघडण्याआधी

बऱ्याचशा माऊसना उघडावेच लागत नाही. म्हणून आधी एवढे करून पाहा.

बाण अजिबात हलत नसेल तर सेल बदला. साधा नवा सेल दीड व्होल्टचा असतो. चार्ज करून वापरायचा १.२ व्होल्टचा. काही माऊसना तेवढा पुरत नाही. संगणकात खोचायचा इवलासा रिसीव्हर दुसऱ्या जागी खोचून पाहा. निळ्या रंगाच्या, वेगवान यूएसबीच्या खाचेशेजारी तो असेल, आणि त्या खाचेत पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क चालू असेल, तर तिच्या गोंगाटात माऊसचा बिनतारी निरोप हरवू शकतो. रिसीव्हर मात्र हरवू नका. सहसा तो आणि माऊस यांची जोडी ठरलेली असते, दुसऱ्याचा चालत नाही.

बाण नाचत असेल तर माऊस उलटा करा. पोटाला एक भोक दिसेल. आतला छोटा दिवा जमिनीवर तिरपा उजेड टाकतो आणि एक चिमुकला कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक चित्रे घेऊन एकाची दुसऱ्याशी तुलना करतो. त्यावरून हात किती सरकला ते संगणकाला कळते. त्या भोकात आपला एखादा केस अडकला तरी बिचाऱ्याला भोवळ येते! कापसाच्या काडीने तो काढा. काचेच्या टीपॉयवरही तो चालत नाही, कारण गुळगुळीत काचेवर त्याला खूण सापडत नाही. खाली साधा कागद ठेवा.

आणि बिल शोधा. हमीची मुदत बाकी असेल तर स्क्रूला हात लावू नका. उघडलेल्या वस्तूची हमी सहसा संपते. माझा माऊस तीन वर्षांचा होता, हमी केव्हाच सरलेली.

पाटावर काय घ्याल?

अधिकच्या चिन्हासारखे टोक असलेला बारीक स्क्रू-ड्रायव्हर, दोन छोट्या वाट्या, कापसाच्या काड्या, भुवयांचा चिमटा, जुना मऊ टूथब्रश, आणि फोटो काढायला मोबाइल. आयसोप्रोपिल अल्कोहोल मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळते. ते पेट घेते, तेव्हा गॅस आणि देवघरातले निरांजन यांपासून दूर बसा. करोनाच्या दिवसांतली सॅनिटायझरची बाटली त्याऐवजी घेऊ नका. बहुतेक सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन असते, ते मागे चिकट राहते. खाली पांढरा टॉवेल पसरा, म्हणजे उडालेला स्क्रू घरंगळत कपाटाखाली जात नाही.

उघडायची रीत

पहिले काम म्हणजे माऊसचे बटण बंद करून सेल काढणे. काही माऊसमध्ये सेलऐवजी आत चपटी चार्जिंगची बॅटरी असते. तिला टोचू नका, वाकवू नका. लिथियमची बॅटरी फुटली तर पेट घेते.

आता स्क्रू शोधा. वरून ते दिसतच नाहीत! मी दहा मिनिटे माऊस फिरवत बसले होते. ते लपतात पोटाखालच्या गुळगुळीत काळ्या पट्ट्यांखाली आणि सेलच्या खणातल्या चिठ्ठीखाली. चिठ्ठीवरून नखाने दाबत जा. जिथे पोकळ लागेल तिथे खाली स्क्रू आहे असे समजा. पट्टी एका टोकाने हळूच उचला. गोंद टिकला तर तीच परत बसते.

काढलेले स्क्रू दोन वाट्यांत ठेवा, लांब एका वाटीत आणि आखूड दुसऱ्या वाटीत. आखूडच्या जागी लांब स्क्रू पिळला की आतला प्लास्टिकचा खांब फुटतो. स्क्रू निघूनही झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, एखादा स्क्रू अजून लपलेला असतो. सगळे निघाल्यावर पाठीकडून झाकण उचला. पुढच्या बाजूला बहुधा खाचा असतात, त्यांतून ते सरकवून सोडवा. आणि सावकाश! काही माऊसमध्ये वरचे झाकण आणि खालचा भाग यांना एक चपटी फीत जोडलेली असते. डब्याचे झाकण उघडतो तसे खसकन उघडलेत तर ती तुटेल.

उघडले की आधी फोटो. मी तो काढला नाही आणि पस्तावले. मधले चाक हातात आले, त्याबरोबर एक इवलीशी स्प्रिंगही टपकन पडली, आणि ती कुठली हे शोधण्यात अर्धा तास गेला.

आत काय निघाले?

आधी निघाला कचरा. तीन वर्षांची धूळ, खडूची भुकटी, चाकाभोवती गुंडाळलेले केस, आणि एक जिऱ्याचा दाणा! चाक अडखळत फिरते त्याचे कारण बहुधा हेच. मी ब्रशने सगळे झाडले.

मग खरा रोगी दिसला. डाव्या बटणाखाली एक काळी चौकोनी डबी असते, नखाहून जराशी लांब. तिच्या डोक्यावर मोहरीपेक्षा थोडे मोठे टोक. आपण बटण दाबतो तेव्हा ते टोक दबते आणि ‘टिक्’ आवाज येतो. हा मायक्रोस्विच. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ वाकलेली पट्टी असते. ती टणकन खाली येऊन टेकली की संगणकाला निरोप जातो.

आता एकाचे दोन कसे होतात? स्टीलची वाटी फरशीवर पडली की एकदाच वाजते का? थडथडत राहते आणि मग स्थिरावते. ही पट्टीही टेकताना अशीच थरथरते. नव्या माऊसमध्ये ही थरथर सेकंदाच्या काही हजाराव्या भागांत संपते आणि माऊसमधली चिप तेवढा वेळ कानाडोळा करते. पण पट्टी झिजली, सैल पडली किंवा टेकायच्या जागी गंज-काजळी धरली, की थरथर लांबते, आणि संगणकाला वाटते बाईंनी दोनदा दाबले. आमच्या घाटाखालच्या दमट हवेने त्यात भर घातली असणारच.

झिजायचे म्हणाल तर हिशेब करून बघा. असे स्विच दहा लाखांपासून कोटी-दोन कोटी दाबांपर्यंत टिकतील असे बनवतात. दिवसाला तीन हजार वेळा दाबले तर वर्षाला होतात जवळजवळ अकरा लाख. म्हणजे हलक्या प्रतीचा स्विच वर्षभरातच म्हातारा झाला!

हे सगळे बघताना या वस्तूच्या जन्माची गोष्ट आठवली. अमेरिकेत स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ साली बिल इंग्लिश यांनी पहिला माऊस बनवला, तो चक्क लाकडाचा होता. लाकडी डबी, खाली दोन चाके, वर एकच बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत तो जगाला दाखवला गेला. वायर शेपटीसारखी दिसे, म्हणून तो उंदीर. आता बिनतारी झाल्यावर शेपूट गेले, नाव राहिले. लाकडाच्या डबीतून सुरू झालेल्या वस्तूला आपण इतके का बरे भ्यायचे?

औषधोपचार

पहिला उपाय मी घरीच केला. डबीच्या टोकाच्या कडेने अल्कोहोलचा एक थेंब आत सोडला आणि पन्नास-साठ वेळा टिकटिक करून तासभर वाळू दिले. जोडला. फोल्डर एका दाबात उघडेना! मी घरभर मिरवले. आठ दिवसांनी दुखणे परत आले.

आता खरे सांगायचे तर मी हिरमुसले. पण जमिनीवर आपटावा असे मनात आलेला तो माऊस मी पुन्हा पाटावर घेतला. या वेळी स्क्रू कुठे आहेत ते माहीत होते, पाच मिनिटांत उघडला. स्विचच बदलायला हवा होता, आणि त्यासाठी त्याचे तीन पाय सोल्डर काढून मोकळे करावे लागतात. ते काम मला येत नव्हते. गावातल्या मोबाइलच्या दुकानात माझाच एक जुना विद्यार्थी बसतो. मी उघडलेला माऊस डब्यात घालून नेला. सोबत नेला आमच्या खणात पडलेला एक मेलेला, तारेचा माऊस. ही युक्ती लक्षात ठेवा, बरं का. माऊसचे उजवे बटण आपण क्वचित दाबतो, म्हणून जुन्या माऊसचा उजवा स्विच बहुधा नव्यासारखाच असतो. बऱ्याच माऊसमध्ये हे स्विच एकाच मापाचे असतात. काढण्याआधी उंची आणि पाय जुळतात का ते पाहा. नवा घ्यायचा तर मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर, असे सुटे भाग मिळतात.

“बाई, हे तुम्ही उघडलंत?” त्याने डोळे मोठे करून विचारले. दहा मिनिटांत त्याने जुना स्विच काढला, दुसरा बसवला. शेवटच्या पायाला डाग द्यायची वेळ आली तेव्हा मीच म्हटले, “दे रे, मला करू दे.” हात खरेच थोडा थरथरला. पण डाग बसला. पैसे तो घेईना, मी वीस रुपये बळेच दिले.

एवढे करू नका

शिवणयंत्राचे किंवा खोबरेल तेल स्विचमध्ये सोडू नका. त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. रॉकेल तर नकोच. ओल्या फडक्याने आतली हिरवी पट्टी पुसू नका. सेल गळून खणात पांढरी भुकटी साचली असेल तर उघड्या हाताने खरवडू नका. नेहमीच्या अल्कलाइन सेलमधून गळते ते क्षार कातडीला चावते. हातमोजे घाला, कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस अगदी थोडा लावून पुसा, मग किंचित ओल्या काडीने आणि शेवटी कोरड्या काडीने. पावसाळ्यात माऊस बरेच दिवस पडून राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा. आणि अगदीच गेलेला माऊस पाचोळ्याबरोबर पेटवू नका. प्लास्टिकचा विषारी धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो. तालुक्याला किंवा शहरात ई-कचरा गोळा करतात तिथे द्या.

आता त्या मुलीचे सांगते. तिचा अर्ज दुरुस्त होऊन मुदतीच्या आत गेला. माऊस उघडून मी मोकळी झाले, तरी एक गोष्ट मनाने मान्य केली. एकाचे दोन झाले हा दोष माऊसचा होता; पण भरलेला अर्ज पुन्हा न वाचता मी पाठवला, तो दोष माझाच. आता अर्ज भरताना त्या मुलाला किंवा मुलीला मी शेजारी बसवते, नाव आणि जन्मतारीख त्यांनी मोठ्याने वाचायची, मगच पुढचे बटण. त्या मुलीनेच परवा एकीची चूक पकडली, आईच्या नावातला काना राहिला होता.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही घरात खणात एखादा मेलेला उंदीर पडला असेल. पहिला हात त्याच्यावरच साफ करा, बिघडला तरी जायचे काय? दुपारी जेवणे आटोपल्यावर टॉवेल पसरा, दोन वाट्या घ्या आणि चिठ्ठीखाली पोकळ कुठे लागते ते नखाने चाचपा. आणि पुढच्या वेळी एखादे यंत्र तुमचे ऐकेनासे झाले, घरातले हसले, तर “मला मेलीला जमतच नाही” असे म्हणण्याआधी ते दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देऊन पाहा. आमच्या सासूबाईंनी पाहिले तसे, एकदाच दाबून.